गावचं घर, दोन रिकाम्या खोल्या आणि बदललेला पाहुणा : होमस्टे सुरू करण्याआधी हे समजून घ्या



मागच्या आठवड्यात गुहागर तालुक्यातल्या एका ताईंचा मेसेज आला. दोन्ही मुलं मुंबईला. गावात चिरेबंदी कौलारू घर, त्यातल्या दोन खोल्या वर्षातले दहा महिने बंद. घरामागे थोडी मोकळी जागा. गावातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं, "आता सगळे होमस्टेलाच येतात. मागे चार एसी खोल्या बांधा, बँक कर्ज देते." बँकेने अठरा लाखांचा अंदाज दिलाय. ताईंचा प्रश्न सरळ होता : "सर, सही करू का?"

त्यांना एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण असेच मेसेज मला दर महिन्याला येतात, म्हणून आज सविस्तर लिहितोय. आधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत अशाच एका कुटुंबाला मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "कर्ज काढा, बांधा, लोक येतील." त्यांनी बांधलं. लोक आलेही. पण ते नवीन खोल्या बघून विचारायचे, "त्या समोरच्या जुन्या घरात राहता येईल का?" आज ते कुटुंब आंब्याच्या पैशांतून हप्ता भरतंय. चूक माझी होती. मी खोल्यांचा विचार केला, पाहुण्याचा केला नाही.

म्हणून आज आधी पाहुणा समजून घेऊ आणि मग हिशोब मांडू.

घरात पाहुणा उतरवणं नवीन नाही

आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. पंढरपूरला, त्र्यंबकेश्वरला, नाशिकला यात्रेकरू हॉटेलात उतरत नसत, आपल्या क्षेत्रोपाध्यायांच्या घरी उतरत. तिथेच जेवण, तिथेच पूजेची सोय. शिवाय त्यांच्या वहीत तुमच्या आजोबा-पणजोबांची नावं. तो विश्वास पिढ्यांचा होता. कोकणात रस्त्याकडेला 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशी पाटी तुम्ही पाहिली असेलच. एमटीडीसीने सुरू केलेली 'निवास व न्याहारी' योजनाही खूप वर्षांपासूनची आहे.

मग नवीन काय झालं? अनोळखी माणसावर विश्वास ठेवायची सोय झाली.

ऑक्टोबर २००७. अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को शहर. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया या दोन तरुणांना घरभाडं द्यायला पैसे कमी पडत होते. शहरात डिझाइनची एक मोठी परिषद होती आणि हॉटेलं भरलेली. त्यांनी घरात हवेच्या तीन गाद्या टाकल्या, सकाळचा नाश्ता देऊ म्हणाले आणि रात्रीचे ८० डॉलर लावले. तीन पाहुणे आले. पुढे नेथन ब्लेचार्झिक तिसरा भागीदार झाला आणि त्यातून आजची एअरबीएनबी उभी राहिली.

या गोष्टीतला आपल्या कामाचा भाग पुढे आहे. २००९ मध्ये न्यूयॉर्कमधली घरं वेबसाइटवर होती, पण बुकिंग होत नव्हती. त्यांनी पाहिलं तर फोटो भयानक! अंधारे आणि वाकडेतिकडे. ते स्वतः न्यूयॉर्कला गेले, कॅमेरा भाड्याने घेतला आणि घरोघर जाऊन नीट फोटो काढले. कमाई लगेच दुप्पट झाली. एकही खोली न बांधता! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाहुण्याचा प्रवास कसा बदलला?

यातला प्रत्येक मुद्दा वाचताना स्वतःला विचारा : माझ्या घराला हे कसं लागू पडतं?

१. आधी घर ठरतं, मग गाव. पूर्वी लोक ठरवायचे, "गणपतीपुळ्याला जाऊ." मग तिथे गेल्यावर लॉज शोधायचे. आता अनेकजण मोबाइलवर आधी घर बघतात : झाडाखालचं, नदीकाठचं, जुना वाडा. ते आवडलं की नकाशावर गाव शोधतात. एअरबीएनबीने २०२२ मध्ये आपला शोधच असा बदलला होता की गावाचं नाव न टाकता घराच्या प्रकारावरून शोधता येऊ लागलं. अर्थ काय? तुमचं गाव प्रसिद्ध नाही म्हणून रडत बसायचं कारण कमी झालं. पण तुमचं घर इतरांसारखंच दिसत असेल, तर तुमची अडचण वाढली.

२. हॉटेल नसलेली गावंही प्रवासात आली. मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. समुद्रकिनाऱ्यावरचं छोटं गाव. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना सोबत घेऊन अंडी वाचवायचं काम सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमाराला पुण्या-मुंबईची माणसं पहाटे किनाऱ्यावर उभी राहून पिल्लं समुद्रात जाताना बघतात. ती राहतात कुठे? गावकऱ्यांच्या घरात. जेवतात काय? त्या घरात जे शिजतं ते. तिथे पाहुणा खोलीसाठी आलेला नाही, कासवासाठी आलाय. पण घरात जागा मिळाली म्हणूनच तो येऊ शकला, आणि त्याचे पैसे गावात राहिले म्हणूनच कासव वाचवणं गावाला परवडलं.

३. जोडपी कमी, गोतावळा जास्त. आठ जणांचं कुटुंब हॉटेलात गेलं की तीन-चार खोल्यांत विभागलं जातं. आजी एका मजल्यावर, नातवंडं दुसऱ्या. घरात मात्र सगळे एका पडवीत बसतात, रात्री पत्ते खेळतात, बाळासाठी मऊ भात शिजवून मिळतो. त्यामुळे पाहुणा आता "खोलीचा दर काय?" याआधी "आम्ही आठ जण आहोत, सगळे एकत्र राहू शकतो का?" असं विचारतो. तुमची ओटी आणि अंगण ही मोकळी जागा नाही, तो तुमचा माल आहे.

४. मुक्काम लांबला. २०२० नंतर लॅपटॉप घेऊन कुठूनही काम करणारे वाढले. २०२२ मध्ये एअरबीएनबीवरच्या एकूण रात्रींपैकी सुमारे एक पंचमांश रात्री २८ दिवस किंवा त्याहून जास्त मुक्कामाच्या होत्या. हा आकडा जगभरातला आहे, तो कोकणाला जशाच्या तसा लावू नका. पण आठवडाभर राहणारा एक पाहुणासुद्धा तुमचे सोमवार ते गुरुवार भरतो, आणि धंदा तिथेच अडतो. त्याला समुद्र दिसला नाही तरी चालेल. इंटरनेट, टेबल-खुर्ची आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टर मात्र लागणारच.

५. 'बघणं' कमी, 'राहणं' जास्त. आधी एका दिवसात पाच ठिकाणं आणि शंभर फोटो. आता पाहुणा विचारतो, "घावणे कसे करतात, बघू का?" "नारळ काढताना येऊ का?" तुम्हाला ज्याचा कंटाळा आलाय, त्याचे तो पैसे द्यायला तयार आहे. बाजारातलं पनीर आणून घालू नका. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी, आंबोळी वाढा.

६. पाटीच्या जागी रिव्ह्यू आला. पूर्वी उपाध्यायांची वही होती, आता रिव्ह्यू आहेत. एअरबीएनबीवर पाहुणा तुमच्याबद्दल लिहितो आणि तुम्ही पाहुण्याबद्दल. दोघांचं लिहून झाल्याशिवाय किंवा १४ दिवस उलटल्याशिवाय एकमेकांचं दिसत नाही, म्हणून लोक बऱ्यापैकी खरं लिहितात. पहिले दहा पाहुणे हे तुमचं खरं भांडवल. त्यांच्याकडून नफा कमी मिळाला तरी चालेल, पण नळाला पाणी नव्हतं असं कुणी लिहिता कामा नये.

आता हिशोब : दोन खोल्या की सहा?

वही-पेन घ्या. खालचे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या गावचे दर टाकून पुन्हा मांडा.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका : खोली वर्षभर भरणार नाही. शनिवार-रविवार, मे महिना, दिवाळी आणि नाताळ धरा. पावसाळ्यात घट. आणि गणपती-शिमग्याला तर तुमचेच चाकरमानी घरी येणार, खोली त्यांनाच लागणार! म्हणून एका खोलीच्या वर्षाला ९० रात्री धरू. दर १,८०० रुपये, नाश्त्यासह.

*पर्याय अ : घरातल्याच दोन खोल्या*

- खोलीभाडं : २ × ९० × १,८०० = ३,२४,००० रुपये
- निम्मी बुकिंग पोर्टलवरून, कमिशन १५ टक्के धरून : २४,३०० रुपये वजा
- नाश्ता, धुलाई, वीज, साबण, साफसफाई मिळून एका रात्रीला ५५० रुपये : १८० × ५५० = ९९,००० रुपये वजा
- रंग, गादी, पंप, किरकोळ दुरुस्ती : ४०,००० रुपये वजा
- उरले : १,६०,७०० रुपये
- जेवणाची ४०० ताटं, ताटामागे १२० रुपये सुटतात असं धरून : ४८,००० रुपये अधिक
- एकूण : २,०८,७०० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण १७,४०० रुपये

यासाठी खर्च काय? खोल्यांना जोडून न्हाणीघर-शौचालय, चांगल्या गाद्या, पाण्याची टाकी, इन्व्हर्टर. अडीच लाख धरा. सव्वा ते दीड वर्षात ते वसूल होतात. आणि समजा नाही चाललं, तरी घर सुधारलं, मुलं आल्यावर त्यांच्याच कामी येईल.

*पर्याय ब : मागे चार नव्या खोल्या, १८ लाखांचं कर्ज*

- खोलीभाडं : ४ × ९० × १,८०० = ६,४८,००० रुपये
- कमिशन ४८,६००, रोजचा खर्च १,९८,०००, दुरुस्ती ८०,००० रुपये वजा
- आता एकट्याने होणार नाही. मदतनीस ताईंचा पगार महिना १०,००० : १,२०,००० रुपये वजा
- उरले २,०१,४००, जेवणाचे ९६,००० अधिक : २,९७,४०० रुपये
- ११ टक्के व्याज, ७ वर्षं मुदत, हप्ता सुमारे ३०,८०० रुपये : वर्षाला ३,६९,६०० रुपये वजा

राहिलं काय? वर्षाला सुमारे ७२ हजारांचा तोटा. सहा खोल्यांची चादर धुवायची आणि वर खिशातून भरायचे.

इथे काहीजण म्हणतील, "सर, महिलांसाठी योजना आहे ना?" आहे, आणि चांगली आहे. महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाचं २०२३ चं 'आई' हे महिला केंद्रित पर्यटन धोरण आहे. त्यात महिला उद्योजकांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो, अर्थात अटी आणि मर्यादांसह. पण नीट बघा. व्याज परत मिळतं, मुद्दल तुम्हालाच फेडायचंय. अगदी १८ लाखांचं सगळं व्याज परत मिळालं असं धरलं, तरी मुद्दलाचे वर्षाला सुमारे २,५७,००० रुपये जातात आणि हातात ४० हजार उरतात. सात वर्षांनी खोल्या कर्जमुक्त होतील हे खरं. पण एखाद्या वर्षी वादळ आलं किंवा मे महिना वाया गेला, तर हप्ता कुठून भरणार?

आणि तो न्यूयॉर्कचा फोटोवाला किस्सा आठवा. बांधकामाने नव्हे, आहे तेच नीट दाखवल्याने कमाई दुप्पट झाली होती. पाहुणा कौलांसाठी आणि पडवीसाठी येतोय. त्याला मागच्या बाजूला टाइल्सची खोली दिली, तर तो म्हणेल, "ही तर आमच्या डोंबिवलीलाही आहे!"

याची दुसरी बाजू

चांगलंच सांगितलं तर मी प्रशिक्षक नाही, जाहिरातवाला झालो. घरं पाहुण्यांना देण्याचा धंदा हाताबाहेर गेला की गावच बदलतं. बार्सिलोनात इतकी घरं पर्यटकांकडे गेली की स्थानिकांना भाड्याचं घर परवडेनासं झालं. तिथल्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केलं की नोव्हेंबर २०२८ पर्यंत दहा हजारांहून जास्त पर्यटक-फ्लॅटचे परवाने बंद करायचे. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून कडक नियम लावले. ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी नोंदणी हवी, मालक स्वतः त्या घरात हजर हवा आणि पाहुणे दोनपेक्षा जास्त नकोत.

"ते परदेशात, आपल्याला काय?" असं म्हणू नका. कोकणात हा प्रश्न घराचा नाही, पाण्याचा आहे. मे महिन्यात विहीर तळाला जाते आणि तेव्हाच पाहुणे सगळ्यात जास्त असतात. शहरातला पाहुणा शॉवर सोडून उभा राहतो. शेजारच्या काकूंची विहीर तुमच्यामुळे आटली, तर धंदा चालेल पण गाव तुटेल. तीच गोष्ट शोषखड्ड्याची, कचऱ्याची, रात्रीच्या गाण्यांची. म्हणून खोल्यांची संख्या बँक किती कर्ज देते यावरून ठरवू नका. मे महिन्यात विहिरीत किती पाणी असतं, यावरून ठरवा.

पुण्या-मुंबईत फ्लॅट असेल आणि तिथे हे करायचं डोक्यात असेल, तर आधी सोसायटीला विचारा. लिफ्टमध्ये रोज नवा चेहरा दिसला की भांडण ठरलेलं. ते आधी मिटवा, गाद्या नंतर घ्या.

कागदपत्रं : थोडक्यात, पण टाळू नका

- नोंदणी : राज्याच्या पर्यटन विभागाकडे निवास व न्याहारीखाली नोंदणी करा. केंद्राच्या अशाच योजनेत १ ते ६ खोल्या, जास्तीत जास्त १२ खाटा आणि मालक त्याच घरात राहणारा अशी अट आहे. यातून सरकारच्या मनातला होमस्टे कसा आहे ते कळतं : लहान, आणि घरात माणूस असलेला.
- ग्रामपंचायत आणि महावितरण : घरपट्टी आणि वीज कोणत्या दराने लागणार हे आधीच विचारून घ्या. वरचा हिशोब यावर बदलू शकतो.
- जेवण देणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी.
- पाहुण्यांची वही : प्रत्येकाचं ओळखपत्र बघा आणि नोंद ठेवा. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. यात हयगय नको.
- जीएसटी : सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात साधारणपणे नोंदणी लागत नाही. पोर्टलवरून बुकिंग घेणार असाल तर सीएला एकदा दाखवा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. आपल्याच खोलीत दोन रात्री पाहुण्यासारखं राहा. रात्री लाइट गेल्यावर काय होतं? सकाळी गरम पाणी किती वेळात येतं? दोष लिहून काढा.

२. सकाळी आठ-नऊच्या उन्हात घराचे वीस फोटो काढा. खोलीचे कमी, पडवी-अंगण-स्वयंपाकघराचे जास्त.

३. मुंबई-पुण्यातल्या ओळखीच्या तीन कुटुंबांना बोलवा. फुकट नाही, निम्म्या दराने. फुकट आलेला पाहुणा खरं बोलत नाही, "छान आहे, छान आहे" म्हणतो. पैसे दिलेला माणूस डास चावले तर सांगतो.

४. वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी मांडा. ९० रात्रींच्या जागी ६० टाकून बघा. तरीही जमतंय का?

५. घरातल्या सगळ्यांना विचारा, विशेषतः स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या व्यक्तीला. हा धंदा तिच्या कष्टांवर चालतो. ती मनापासून "हो" म्हणत नसेल, तर इथेच थांबा. आणि ती "हो" म्हणाली, तर पैसे तिच्या खात्यावर येऊ द्या.

ताईंना मी काय सांगितलं?

"ताई, सही करू नका. निदान यंदा तरी नाही. घरातल्या दोन खोल्या नीट करा, एक पूर्ण वर्ष चालवा, वही लिहा. वर्षभरात तुम्हाला किती पाहुण्यांना 'जागा नाही' म्हणावं लागलं, ते मोजा. तो आकडा घेऊन बँकेत जा. तेव्हा कर्ज अंदाजावर नसेल, अनुभवावर असेल."

त्यांचं उत्तर आलं : "सर, मुलं म्हणतात खोल्या दिल्यावर आम्ही आलो तर कुठे झोपायचं?"

मी लिहिलं, "पडवीत. लोक त्याचेच तर पैसे देतात."

ताईंनी हसण्याचा इमोजी पाठवला आणि मागोमाग विहिरीचा फोटो. खाली लिहिलं होतं : "मे महिन्यात सहा हात पाणी असतं. दोन खोल्यांना पुरेल ना?"

हा प्रश्न वाचून मला खात्री पटली की त्या धंदा करतील. तुम्हीही तुमच्या गावाचं नाव, खोल्यांची संख्या आणि मे महिन्यातलं पाणी लिहून कळवा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या तीन घरांचा हिशोब आपण मिळून मांडू. तोपर्यंत बंद खोलीचं दार तेवढं उघडा, वारा जाऊ द्या!